पावसाळ्यात पिल्लाला बाहेर शू-शीची सवय लावायची कशी?

कुणकेश्वरची सून

नमस्कार मंडळी. आमचं घर देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या अलीकडे. जांभ्याचं, कौलारू, पुढे खळं, मागे हापूसची कलमं आणि पलीकडे उतार थेट समुद्रापर्यंत. मी अंगणवाडी सेविका. घरात सासूबाई, मिस्टर आणि पाचवीतली लेक. आंब्याच्या दिवसांत वानर असे उतरतात की कुत्र्याशिवाय कलमं राखणं होत नाही, आणि आमचा जुना राखण्या म्हातारपणाने थंडीत गेला. म्हणून पाऊस लागल्यावर वाडीतल्याच एका घरून गावठी पिल्लू आणलं. आता दोन महिन्यांचं असेल. रंगावरून लेकीने नाव ठेवलं गुळ्या.

आधी त्याचं कौतुक सांगते, नाहीतर नुसत्या तक्रारी ऐकून तुमचा त्याच्याबद्दल भलताच समज व्हायचा. पडवीच्या कडेला बसून हा पागोळ्या पकडतो. कौलावरून थेंब सुटला की मान वर, तोंड उघडं. थेंब नाकावर बसला की शिंकतो, दोन पावलं मागे सरतो आणि परत येऊन त्याच जागी बसतो. असा अर्धा अर्धा तास. लेकीची एसटी अजून घाटीत असते तेव्हाच त्याचे कान उठतात; म्हणजे एक उठतो, दुसरा अजून पडलेलाच आहे. ती गडग्याच्या बेड्यातून आत शिरली की मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढे जातात इतका पळतो. आमचा जुना कुत्रा गेल्यापासून मिस्टर संध्याकाळी पडवीत बसायचे बंद झाले होते, ते पुन्हा बसायला लागलेत.

आता अडचण. शू-शी हा फक्त घरात करतो. तीही ठरावीक तीन ठिकाणी: माजघरातली चटई, दारातलं पाय पुसायचं पोतं, आणि संधी मिळाली तर सासूबाईंची गुंडाळलेली गोधडी. मोकळ्या कोब्यावर एकदाही नाही. छत्री घेऊन खळ्यात नेते तर माझ्या दोन पायांच्या मधे उभा राहून कुडकुडतो. चिखल, शेवाळ, वर पावसाची झड. काही करत नाही. कंटाळून आत आणलं की सरळ पोत्यावर. जुलैत आमच्याकडे पाऊस कसा असतो ते कोकणातल्या माणसांना सांगायला नको. दोन दोन दिवस उघडीप नसते, धुतलेली चटई आठवडाभर वाळत नाही.

रात्री त्याला पडवीत ठेवायची सोय नाही. वरच्या वाडीत मे महिन्यात बिबट्याने पडवीतून बांधलेला कुत्रा उचलला. तेव्हा गुळ्या आत, कोठीच्या खोलीत. तिथे रात्रभर रडतो. लेक उठते, सासूबाई उठतात. त्यांचा जीव नाही त्याच्यावर असं नाही. दुपारी चुलीशेजारी त्याला पायावर घेऊन बसलेल्या मी बघितल्यात. पण देवघर माजघरात आहे. "थय देव आसत. कुत्रो माजघरात मुतता, ह्या आमच्या घरात कधी झाला नाय," असं रोज ऐकते, आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही.

शिवाय चावणं. पदर, चपला, पाय, जे हलेल ते. काल लेकीच्या घोट्याला दात लागून रक्त आलं, हळद लावली. पावसाळ्यात हे सगळं कसं निभावलंत ते जाणत्यांनी सांगा. शहरातल्या लोकांचे व्हिडिओ बघून उपयोग नाही, त्यांच्याकडे पाऊसही असा नसतो आणि बिबट्याही नसतो.

आगरातला, गुहागर

ताई, तुम्ही फार नेमकं लिहिलंत, म्हणून एकच विचारतो. पिल्लू जन्मलं कुठे? त्या घरात आई-पिल्लांना कुठे ठेवलं होतं? चटई, पोतं, गोधडी असं तुम्ही म्हणता आणि कोब्यावर एकदाही नाही म्हणता, त्यावरून मला काहीतरी दिसतंय, पण खात्री करून मगच बोलतो.

कुणकेश्वरची सून

काका, गोठ्यात. बैल बांधतात त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात पेंढा पसरला होता, त्यात पाच पिल्लं होती. आम्ही आणेपर्यंत पाऊस होता, त्यामुळे बाहेर आली असतील असं वाटत नाही.

आगरातला, गुहागर

मग झालं. तुमचा गुळ्या त्याच्या हिशेबाने अगदी बरोबर वागतोय.

पिल्लू तीन आठवड्यांचं झालं, पाय सावरायला लागलं, की आपण झोपतो ती जागा सोडून चार पावलं बाजूला जाऊन शू करायला शिकतं. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही, स्वतःचं अंथरूण घाण न करण्याची ओढ उपजत असते. पण त्या दिवसांत पायाखाली जे लागतं तेच त्याच्या डोक्यात 'शूची जागा' म्हणून बसतं. आठ-नऊ आठवड्यांपर्यंत ही आवड पक्की होते. मातीवर वाढलेलं पिल्लू माती शोधतं, फरशीवर वाढलेलं फरशी. तुमचं पेंढ्यावर वाढलंय. तुमच्या घरात पायाला पेंढ्यासारखं काय लागतं? चटई, गोणपाट, गोधडी. आणि खळ्यात काय लागतं? चिखल. चिखलाचा त्याचा आणि शूचा संबंधच आलेला नाही. तुम्ही छत्री घेऊन कितीही उभ्या राहिलात तरी त्याला कळत नाही की तुम्ही कशाची वाट बघताय.

तेव्हा त्याला चिखलाकडे न्यायच्या आधी पेंढा त्याच्याकडे आणा. तुमच्या घरी आंब्याची रिकामी लाकडी पेटी असणारच. एका बाजूच्या फळ्या काढा म्हणजे त्याला चढता येईल. खिळे वाकवून ठोकून घ्या, हे आधी. आत चार बोटं पेंढा. पेटी पडवीच्या अशा कोपऱ्यात ठेवा जिथे झड येत नाही, आणि तो जेवतो-झोपतो ती जागा तिथून लांब असू दे. पुढच्या वेळी पोत्यावर शू केली की ती फडक्याने टिपून ते फडकं पेंढ्याखाली ठेवा. वासाने त्याला अर्धं कळेल.

मग वेळा सांभाळायच्या. झोपून उठला की लगेच. खाल्लं की पाच-दहा मिनिटांत. खेळ थांबवून जमीन हुंगत गोल फिरायला लागला की त्याच क्षणी. या वयाचं पिल्लू जागं असताना तासा-दीड तासाच्या वर धरू शकत नाही, ते त्याच्या हातातच नाही. त्याला उचलून पेटीत ठेवायचं, बाजूला गप्प उभं राहायचं. झाली की तिथल्या तिथे, शेपूट खाली यायच्या आत, उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा. आत आणून मग दिलात तर तो समजेल की आत येण्याबद्दल मिळाला. शब्द एकच ठेवा, घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा.

तोवर घरातली चटई उचलून ठेवा, दारातलं पोतं काढा. पाय पुसायला काही दिवस फरशीचा तुकडा किंवा जाळीचं रबरी पायपुसणं चालेल. गोधडी खुंटीवर. त्याच्यासमोर चुकायची जागाच ठेवायची नाही.

घरात करताना दिसला तर ओरडू नका, उचला आणि पेटीत न्या. नंतर सापडलं तर काही बोलायचंच नाही. नाक घासणं, मारणं हे आमच्याकडे सर्रास चालायचं. त्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू केली की मार बसतो. मग ते कपाटामागे जाऊन करतं, आणि बाहेर नेलं तरी तुम्ही बघताय म्हणून करत नाही.

पुसायला फिनेल नको, अमोनियाच्या वासाचं तर काहीच नको. मुतातही अमोनियाच असतो, त्याला ते खूण केल्यासारखं वाटतं. कोब्यावर पाण्यात व्हिनेगर घालून पुसा. एखादी खोली शेणाने सारवलेली असेल तर वरून पुसून भागत नाही, जमीन आत ओढून घेते. ओला भाग उलथन्याने खरवडून काढायचा, जागा सुकू द्यायची, मग तेवढ्यावर पुन्हा सारवण.

पेटीत नेमाने जायला लागला की पेंढ्यात मूठभर पातेरा, म्हणजे वाळका पाला, मिसळा. चार दिवसांनी थोडी माती. असं करत पेंढा कमी, माती जास्त. पेटी रोज हातभर सरकवा, पडवीच्या कडेला, मग खळ्याच्या कडेला एखाद्या पत्र्याखाली. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की पेटी काढून तीच माती कलमाखाली पसरा. नारळी पौर्णिमेपर्यंत जमायला हरकत नाही, पण तारखेचा हट्ट धरू नका. मधे दोन पावलं मागे येतो, तेव्हा पेटीही दोन हात मागे आणायची.

रात्रीचं रडणं. तो भावंडांच्या ढिगात झोपत होता, आता एकटा कोठीत आहे. त्याला शिस्त लावायची म्हणून एकटं कोंडू नका. खोक्यात जुनं सुती लुगडं घाला, बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि खोकं तुमच्या अंथरुणाशेजारी. रडला की हात खाली सोडायचा. मध्यरात्री चुळबुळ झाली की दिवा मोठा न करता पेटीत न्यायचा, न खेळवता परत. सासूबाईंना सांगा की खोलीत कायमचा नाही, सवय झाली की खोकं रोज थोडं देवघरापासून लांब, दाराकडे जाईल. पडवीत मात्र रात्री नाहीच. मोठा झाल्यावरही नाही. आमच्याकडे आता कुणीच बांधत नाही, बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, सावंतवाडी

बाकी सगळं मागाहून. आधी लेकीचं.

घोट्याला दात लागून रक्त आलंय आणि पिल्लाला रेबीजची लस झालेली नाही. आईला झाली होती का तेही बहुधा माहीत नसेल. आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. पिल्लू लहान आहे, खेळताना लागलं, घरचंच आहे, यातलं काहीही कारण म्हणून चालत नाही. हळद, तिखट, चुना, रॉकेल काही लावायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं घड्याळ लावून. काल धुतलं नसेल तर आज धुवा. सरकारी केंद्रात लस मोफत असते, दंडात कातडीच्या आतच (खाली नव्हे) देतात, ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. रक्त आलेलं असल्यामुळे जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन लागेल का ते डॉक्टर ठरवतील. दातांनी रक्त आलं हे त्यांना स्पष्ट सांगा, 'खरचटलं' म्हणू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग माणूस वाचवता येत नाही, आणि त्याआधी वेळेत लस घेतली की होत नाही. एवढा सरळ हिशेब दुसऱ्या कुठल्या रोगात नाही. नोकरीत असताना हे हजार वेळा सांगितलं, पुढेही सांगत राहीन. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवा: खाणं, गिळणं, चाल, आवाज.

आता गुळ्या. जंताचं औषध दिलंय का? दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, असा साधारण क्रम. गोठ्यातल्या पिल्लांच्या पोटात जंत असतातच, आईकडून येतात. पोट फुगलेलं आणि फासळ्या दिसताहेत असं असेल तर तेच. वजन करून औषध घ्या, अंदाजाने पाजू नका.

लस सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, शेवटची १६ आठवड्यांच्या आसपास. डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस या रोगांवरच्या लसी एकत्र असतात. आपल्याकडे तुम्ही मुद्दाम विचारून लेप्टोचा समावेश असलेली घ्या. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो माणसांना कसा होतो ते सिंधुदुर्गात कुणाला सांगायला नको. उंदराच्या मुतातून पाण्यात, आणि पाण्यातून कातडीवरच्या भेगांत. कुत्र्यालाही तसाच होतो, आणि कुत्र्याच्या मुतातून माणसाला. हाताला कापलं असेल तर पेटीतला पेंढा उघड्या हाताने बदलू नका, प्लास्टिकची पिशवी चढवा. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, आणि मग दरवर्षी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करून लस उपलब्ध आहे का विचारून जा, पावसात पिल्लाला घेऊन हेलपाटा नको.

लसी पुऱ्या होईतो त्याला बाजारात, एसटी स्टँडवर, मासळी उतरते तिथे जमिनीवर सोडू नका. पार्वोचा विषाणू मातीत महिनोनमहिने जिवंत राहतो. उलट्या, मग घाण वासाचे रक्ताचे जुलाब, आणि लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. असं दिसलं तर घरगुती औषधात अर्धा दिवससुद्धा घालवू नका, सलाईन लागतं. पण म्हणून त्याला कोंडूनही ठेवू नका. तीन ते चौदा आठवडे हा जग ओळखायचा काळ. कडेवर घ्या, पिशवीत बसवा, दुचाकीवर मिस्टरांच्या पुढ्यात. रिक्षा, छत्री, दाढीवाला माणूस, शाळा सुटतानाचा गोंधळ, भजनातली झांज. हे आता पाहिलेला कुत्रा पुढे कुणावर उगाच धावून जात नाही.

खाणं दोन महिन्यांना दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. आपल्याकडे पेज आणि चहातली बटर-खारी यावर पिल्लं वाढवतात, त्याने पोट भरतं, हाडं भरत नाहीत. मऊ भात, त्यात उकडलेलं अंडं किंवा कोंबडी, किंवा उकडून काटे काढलेला बांगडा. मीठ-मसाला नाही. सुकट, सुका बांगडा अजिबात नको, मीठ फार असतं. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे विषारी. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना सोसत नाही, ढाळ लागले तर बंद करा.

गोचीड पाऊस ओसरला की वाढतात, पण बोटांच्या बेचक्यात आणि कानात आत्तापासून बघत जा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावू नका, पिल्लू चाटतं. गोळी वयाप्रमाणे, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून.

हर्णै बंदर

वहिनी, आमच्याकडे होड्यांवर, बंदरावर कुत्री लहानाची मोठी होतात. गुळ्या उद्या समुद्रावर जाणारच, तर दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या.

वाळूवर मेलेला फुग्या मासा पडलेला असतो, अंग फुगलेलं, पोटाकडे काटेरी. त्याचं विष शिजवून जात नाही की सुकून जात नाही. कुत्र्याने एक घास खाल्ला तरी पाय लुळे पडतात, श्वास बंद होतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्यावर काय काय येऊन पडतं त्याचा नेम नाही. तोंडात काही धरलं की 'सोड' म्हटल्यावर सोडायचं हे घरातच शिकवा, हातातल्या वस्तूच्या बदल्यात खाऊ देऊन. हिसकावून घेऊ नका, हिसकावलं की ते गिळतात. तुटक्या जाळ्यात गळ असतो, आमिषाचा वास येतो म्हणून कुत्रं तो गिळतं. तोंडाबाहेर दोरी लोंबताना दिसली तर ओढायची नाही, तशीच डॉक्टरकडे.

खारं पाणी पिऊ देऊ नका, उलट्या-जुलाब होतात. घरून गोड्या पाण्याची बाटली न्यायची. आणि मे महिन्यात दुपारच्या वाळूवर आपला तळहात टेकवून बघायचा, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पावलांनाही नाही.

चावायला आम्ही पिल्लांना नारळाचं सोडण देतो. फुकट असतं आणि तास तास पुरतं.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, सावंतवाडी

फुग्याबद्दल लिहिलंत ते फार चांगलं केलंत, घाटावरून येणाऱ्या लोकांना तर ते माहीतच नसतं.

सोडणाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. काथ्याचे धागे पोटात जातात, पचत नाहीत, त्यांचा गोळा होऊन आतडं बंद पडतं. समोर बसून पाच मिनिटं खेळवलंत तर ठीक, देऊन कामाला निघून जायचं नाही. करवंटीचे तुकडे, शिजवलेली हाडं, आंब्याची बाठ यांचंही तेच. बाठ अख्खी गिळतात आणि ती अडकते. काजूच्या दिवसांत ओल्या बिया अंगणात वाळत घालता तिथेही लक्ष, बीच्या सालीतल्या तेलाने माणसाची बोटं सोलतात, त्याची जीभ भाजेल.

चावण्यावर: त्याचे आत्ताचे २८ दात दुधाचे आहेत, सुईसारखे. चार ते सहा महिन्यांत ते पडून ४२ पक्के येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. जुन्या सुती साडीची जाड वेणी घालून दोन्हीकडे गाठ, पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये गार करून द्या. धागे सुटायला लागले की टाकून नवी. पायाला लागला की पाय झटकू नका, हलणाऱ्या गोष्टीच्याच मागे तो लागतो. स्तब्ध उभं राहायचं, वेणी पुढे करायची. तरी सोडत नसेल तर दोन मिनिटं खोलीबाहेर निघून जायचं. दात लावले की खेळ संपतो हे भावंडं त्याला रोज शिकवत होती, तेवढंच आपण पुढे चालवायचं. लेकीला सांगा, त्याच्यापासून पळायचं नाही आणि किंचाळायचं नाही.

कुणकेश्वरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सविस्तर लिहिते, कारण इथे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी पेंढ्यावर वाढलेलं पिल्लू असेल.

पर्यवेक्षक काकांचं वाचल्या वाचल्या लेकीला घेऊन आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरनी आधी पुन्हा घोटा धुवून घेतला, मग लस. रक्त आलं हे सांगितल्यामुळे जखमेतलंही इंजेक्शन दिलं. लेक रडली, पण पुढच्या तारखांचं कार्ड तिने स्वतःच्या दप्तरात ठेवलंय आणि मला रोज आठवण करते. काका, तुम्ही ते पहिल्या ओळीत लिहिलंत, तुमचे उपकार विसरणार नाही.

पेटी केली. मिस्टरांनी खिळे ठोकून कडेला पोत्याच्या सुतळीने पेंढा धरून राहील असं बांधलं. शेजाऱ्यांच्या गोठ्यातलाच पेंढा मागून आणला, म्हटलं वासही ओळखीचा असू दे. पेटीत ठेवला तर आधी पाय दाबून दाबून बघत होता, नाक खुपसून. मग तीनदा गोल फिरला आणि बसला! मी अंड्याचा तुकडा हातात घेऊन उभी होते, मला आनंदाने तो द्यायचंच सुचेना, लेकीने माझ्या हातातून घेऊन दिला. एकदा कळल्यावर दिवसाच्या बऱ्याच शू तिथेच होतात. रात्रीचं अजून पक्कं नाही. जोराची सर कौलावर वाजायला लागली की पडवीत यायला घाबरतो, तेव्हा घरात होते. आता पेंढ्यात पातेरा मिसळायला सुरुवात केलीय.

खोकं आमच्या खोलीत आलं. बाटलीला चिकटून झोपतो. सासूबाईंनी स्वतःचं जुनं लुगडं काढून दिलं. काल संध्याकाळी दिवा लावताना तो माजघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला, आत आला नाही, तर मला म्हणतात, "बघ, तेका कळता." आणि त्याला बोटभर गूळ द्यायला निघाल्या, तो मी थांबवला. गूळ नको ना द्यायला?

पहिली लस झाली, लेप्टोची विचारून घेतली. जंतांचं औषधही. वजन फारच कमी भरलं, डॉक्टर म्हणाले खाणं वाढवा.

आता एक नवी काळजी. चतुर्थीला मुंबईहून सगळे येतात, घरात पंधरा-वीस माणसं, आरत्या, झांजा, फुगड्या, आणि पोरं फटाके लावणारच. तोवर गुळ्या साडेतीन महिन्यांचा असेल. त्याला त्या दिवसांत शेजारी ठेवावं का?

आगरातला, गुहागर

शेजारी नको. ओळखीची माणसं नाहीत, ओळखीचा वास नाही, आणि वर तोच आवाज, दुप्पट घाबरेल. घरातच ठेवा, पण कोठीची खोली त्याची. खोकं आणि लुगडं आत्ताच तिकडे हलवायला लागा म्हणजे तोवर ती खोली त्याला आपली वाटेल. खिडकीला जाड कांबळं, आत पंखा सुरू, आणि कुणीतरी मोठं माणूस अधूनमधून त्याच्याजवळ. खोलीत पेंढ्याची पेटी पुन्हा मांडा, त्या चार दिवसांत खळ्यात नेणं जमणार नाही. पाहुण्यांच्या पोरांना आल्या आल्या सांगा की तो झोपला असताना आणि खाताना हात लावायचा नाही.

झांजेची सवय आजपासून. भजनाची झांज घरात असेलच. तो जेवत असताना लांब पडवीत हळू वाजवायची, खाणं थांबवलं नाही तर उद्या एक पाऊल जवळ. थांबवलं तर दोन पावलं मागे. फटाक्यांसाठी असं काही करता येत नाही, तेव्हा विसर्जनाच्या संध्याकाळी आवाज सुरू व्हायच्या आत त्याचं फिरणं-खाणं उरकून दार लावून घ्या. गळ्यात पट्टा आणि त्यावर तुमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी त्याआधी हवीच. घाबरलेलं कुत्रं बेड्यातून निसटून कलमांत शिरतं, आणि अंधार पडल्यावर तिकडे शोधायला जाणं तुमच्याकडे शहाणपणाचं नाही.

गूळ नको. प्रसादाचे मोदक, काजू-बेदाण्यांचा शिरा, पंचखाद्यही नको. बेदाणे तर मुळीच नाही. सासूबाईंना म्हणावं, ओल्या खोबऱ्याची एखादी कातळी द्या. ती चालते, आणि त्यांच्या हातून मिळाली तर त्याला जास्तच गोड लागेल.